हेवीवेट लढत: रात्री जागून थेट, की सकाळी रेकॉर्डिंग?

बॉक्सिंगमधली विजेतेपदाची लढत युरोपात किंवा सौदीत असली की आपल्याकडे रात्रीचे दोन-तीन वाजतात. मग चारचौघांत जागून बघायची, की झोप काढून सकाळी रेकॉर्डिंग लावायचं? लढत रंगली तर कशीही बघा. फरक कळतो तो ती फसल्यावर, आणि मोठ्या गाजावाजाच्या हेवीवेट लढती बऱ्याचदा फसतात.

नोव्हेंबर २०१५ मधली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची व्लादिमिर क्लिच्को विरुद्ध टायसन फ्युरी ही लढत मी दोन्ही प्रकारे पाहिली आहे. थेट पाहिली ती सिडकोत मित्राच्या घरी. नाशिकची थंडी, सगळे कानटोप्या घालून बसलेले. चॅम्पियन क्लिच्को अकरा वर्षं हरला नव्हता, त्यामुळे त्याचा उजव्या हाताचा ठोसा आता सुटेल, मग सुटेल, या आशेवर आम्ही बारा राउंड काढले. तो सुटलाच नाही. "अरे, मार ना!" हे वाक्य त्या रात्री किती वेळा ऐकलं असेल! अकराव्यात डोक्यामागे मारल्याबद्दल फ्युरीचा एक गुण गेला, तरी तीन पंचांच्या गुणांवर ११५-११२, ११५-११२, ११६-१११ असा निकाल फ्युरीच्याच बाजूने लागला. निम्मे म्हणाले, चॅम्पियन झोपला होता. बाकीचे म्हणाले, फ्युरीने त्याला खेळूच दिलं नाही. हा वाद उजाडल्यावर मिसळीच्या टेबलावरही चालूच होता. लढत कंटाळवाणी होती, रात्र मुळीच नव्हती.

रेकॉर्डिंगमध्ये बॉक्सिंग जास्त नीट दिसतं, हे मान्य. फ्युरीची खांद्याची हूल, मधेच डावखुरा होऊन उभं राहणं, क्लिच्कोचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) निघायच्या आधीच अंतर बदलणं, हे मला दुसऱ्यांदा बघतानाच कळलं. २०१९ ची जोशुआ-रुइझ दुसरी लढतही तशीच. रुइझ पहिल्या वेळेपेक्षा १५ पौंड जास्त वजन घेऊन आला आणि जोशुआ लांबून जॅब मारत फिरत राहिला. रात्री खोलीत "पळतोय, पळतोय" असा ओरडा होता. शांतपणे बघितल्यावर तेच शहाणपण वाटलं. गर्दीत आवडत्या खेळाडूचा हुकलेला ठोसाही लागल्यासारखा वाटतो, हेही खरं.

पण रेकॉर्डिंगची एक गोष्ट मला सहन होत नाही: पडद्याखालची वेळेची पट्टी. बारा राउंडची पूर्ण लढत विश्रांती धरून ४७ मिनिटांची. चौथा राउंड चालू आहे आणि पुढे अर्ध्या तासाहून जास्त व्हिडिओ शिल्लक दिसतोय, म्हणजे इतक्यात कोणी आडवा पडत नाही, हे आधीच कळलं. निकाल न बघण्यासाठी सकाळपासून फोन बंद ठेवा, ग्रुप म्यूट करा, सगळं करा. ही पट्टी चुगली करतेच. लॅपटॉपच्या पडद्याच्या खालच्या कडेला मी ब्राउन टेप लावून पाहिला. पट्टी झाकली, पण तिच्यासोबत कोपऱ्यातलं राउंडचं घड्याळही गेलं. रटाळ लढतीत प्रेक्षकाला धरून ठेवणारी एकच गोष्ट असते, हेवीवेटचा एक ठोसा कधीही सगळं संपवू शकतो ही शक्यता. तीच गेली तर उरतात ते दोन दमलेले, एकमेकांना मिठ्या मारणारे मोठे गडी. २०१३ ची क्लिच्को-पोवेत्किन अशी बघून पाहा, म्हणजे कळेल.

तुमचं वेगळं असू शकतं. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत कामाला असाल आणि कंपनीची सुट्टी शनिवारी असेल, तर रविवारी सकाळच्या शिफ्टला तारवटलेल्या डोळ्यांनी मशीनवर उभं राहणं बरं नाही. तुम्ही बिनधास्त रेकॉर्डिंग बघा. एकट्याने बघणार असाल तरीही जागण्यात फारसा अर्थ नाही. अमेरिकेतली मुख्य लढत बहुधा रविवारी सकाळीच येते, तिथे निवडायची वेळच येत नाही.

रविवार मोकळा असेल आणि सोबत दोघं-तिघं असतील, तर मी मात्र जागतो. रेकॉर्डिंग दुपारी लावतो, निकाल माहीत असताना. तेव्हा टेपची गरज पडत नाही.