पाणी पास, टेम्पो नापास : चिखलदऱ्याच्या घाटातली हौशी ट्रायथलॉन

परतवाड्याजवळच्या धरणात पोहायचं, तिथून सायकलने घाट चढून चिखलदरा गाठायचं आणि वर पठारावर पळायचं, असा हा एकतर्फी मामला. ७५० मीटर पोहणं, तीसेक किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धाव. ट्रायथलॉनच्या स्प्रिंट, म्हणजे छोट्या अंतराच्या गटात सायकल २० किलोमीटर असते, म्हणजे इथे थोडी जास्त, एवढंच वाटतं. पण परतवाडा समुद्रसपाटीपासून साधारण पावणेचारशे मीटरवर आहे आणि चिखलदरा १,११८ मीटरवर, ही गोष्ट फॉर्मवर बारीक अक्षरातही नव्हती. फी दोन हजारांच्या आत. त्यात टी-शर्ट, पदक, जेवण आणि सायकल परत खाली आणून देणं.

मी दर्यापूर तालुक्यात कृषी सहायक आहे. आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या सपाट मुलखात, चढ म्हणजे चंद्रभागेवरचा पूल, त्यामुळे सराव केला तो वाऱ्याच्या उलट दिशेने सायकल हाणून. पोहायला मात्र लहानपणीच शिकले, विहिरीत, पाठीला डबा बांधून.

पाण्याची व्यवस्था शंभर नंबरी होती. तरणतलावात तळाला काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जाता येतं. धरणाच्या गढूळ पाण्यात आपलाच हात दिसत नाही, दर थोड्या वेळाने डोकं वर काढून मार्ग दाखवणारा नारंगी तरंगता बोया शोधावा लागतो. इथे गावातले भोई आपापले डोंगे घेऊन मार्गाच्या कडेने उभे होते. आदल्या संध्याकाळच्या बैठकीत नियम नीट समजावला होता : डोंगा धरून दम खाल्ला तर चालेल, डोंग्याच्या आधाराने पुढे सरकलात तर बाद. मला एका भोईदादांनी वेळेवर हाक दिली, "ताई, उजवीकडं नोका जाऊ, तिकडं बाभळी बुडेल हायेत." अशी माहिती कोणत्या लाइफगार्डकडे असणार? वेटसूट, म्हणजे पोहताना अंग गरम ठेवणारा रबरी पोशाख, कोणाकडेच नव्हता आणि हौशी गटात एवढ्या अंतराला पाणी २२ अंशांच्या वर असेल तर तो घालताही येत नाही. नोव्हेंबरच्या पहाटे पाण्यापेक्षा काठावरच जास्त हुडहुडी भरली.

काठावर बायकांना कपडे बदलायला ताडपत्रीचा आडोसा होता. आडोसा बरा होता, पण त्याला दार म्हणून जी चादर लावली होती ती वाऱ्याला जुमानत नव्हती. आम्ही आळीपाळीने ती धरून उभ्या राहिलो. चार सेफ्टी पिना लावल्या असत्या तर भागलं असतं.

धामणगाव गढीपर्यंत रस्ता निमूट जातो. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, आंबिया बहार झाडावर पिवळा झालेला. तिथून पुढे घाट लागतो आणि मग गिअरचा हिशोब सुरू होतो : मागची दातेरी चकती जितकी मोठी तितका चढ हलका. ज्यांच्या मागच्या चाकाला सर्वात मोठी चकती २८ दातांची होती ते उभं राहून पायडल मारत होते. माझ्याकडे पुढे ३४ आणि मागेही ३४, तरी एका वळणावर उतरावंच लागलं. रस्त्याकडेला बकऱ्या चारणाऱ्या आजींनी लगेच विचारलं, "काहून उतरली वं बाई?" यावर काय बोलणार! १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी चिखलदऱ्याजवळच्या गाविलगड किल्ल्यावर मारा करायला याच डोंगरांतून तोफा ओढून वर नेल्या होत्या, हे आठवून पुन्हा बसले.

पाणपोईवर ताकदीसाठी चोखायचं पाकिटातलं जेल-बिल काही नाही. केळी, मीठ-लिंबाचं पाणी, गुळाचे खडे आणि संत्र्याच्या फोडी. फोडी चढाच्या आधी खाऊ नका, आंबट ढेकर सबंध घाटभर सोबत करतात. कागद-प्लास्टिक रस्त्यावर टाकलं तर थेट बाद, हा नियम त्यांनी खरोखर पाळला, एकाला काढलंसुद्धा. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तिथल्या जंगलाच्या शेजारी एवढा कडकपणा हवाच. स्वयंसेवक बहुतेक आसपासची कॉलेजची पोरं. प्रत्येक जण सांगायचा, "ताई, दोनच वळणं रायली." ती दोन वळणं वरचं मोथा गाव येईपर्यंत संपली नाहीत.

सायकलला दोन तासांची मुदत मात्र सपाटीवर बसून ठरवलेली दिसते. चढावर ताशी पंधराची सरासरी साध्या सायकलवाल्याला कुठून जमणार? माझ्या पुढ्यात एका पन्नाशीच्या काकांना चिखलदऱ्याच्या तोंडाशी थांबवलं. त्यांना वर पायी जाऊ दिलं, पण निकालात नाव नाही. अर्ध्या तासाची सूट दिली असती तर जेवणाच्या भाकरी काही थंड होत नव्हत्या.

आता टेम्पो. एकतर्फी स्पर्धेत बदलाच्या जागा दोन असतात, एक खाली आणि एक वर. पळायचे बूट आधीच वर पोचवायचे असतात. आमच्या पिशव्या वर पोचल्या, पण टेम्पोतून सरळ ताडपत्रीवर ओतलेल्या. नंबराच्या कागदी चिठ्ठ्या ओल्या होऊन पुसलेल्या. तो शोधाशोधीचा वेळ आपल्याच खात्यात जमा होतो! दोरी बांधून नंबरवार पिशव्या टांगल्या असत्या तर एका माणसाचं काम होतं. परतीच्या गाडीत सायकली एकमेकींत अडकवून रचल्या, मध्ये साधं पोतंही नाही. माझं मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, वाकून आलं. फोन केला तर "बघतो ताई" एवढंच. परतवाड्यातल्या एका मिस्त्रीने ते सरळ करून दिलं.

उतार स्पर्धेत ठेवलेला नाही, हे मात्र शहाणपणाचं. दमलेली माणसं, ओले हात आणि घाटात मध्येच आडवी येणारी वानरं, यात कोणी ना कोणी फुटलं असतं. धाव सोपी आहे. वर हवा गार, शक्कर तलावाच्या बाजूने रस्ता, पर्यटक गाडी थांबवून टाळ्या वाजवतात. वेळ वहीत लिहून घेतात, आपोआप वेळ नोंदवणारी चिप नाही, त्यामुळे सेकंदांवर भांडणाऱ्यांनी येऊ नये. जेवणात झुणका-भाकर, ठेचा आणि मोथ्याच्या गवळ्यांकडची रबडी. रबडी दुसऱ्यांदा मागितली तरी वाढणाऱ्याचा चेहरा बदलला नाही.

पाचपैकी साडेतीन. यायचं ठरवलंत तर मागे किमान ३२ दातांची चकती बसवून घ्या, पिशवीवर नंबर ऑइलपेंटने लिहा आणि बायांनो, पिना घरून आणा. सायकल त्यांच्या गाडीत मी काही परत टाकणार नाही. पुढच्या वर्षीसाठी मामेभावाची बोलेरो सांगून ठेवली आहे. मागे अजून दोन सायकली बसतील. दर्यापूर-अंजनगावकडचं कोणी येणार असेल तर डिझेल वाटून घेऊ.