चिठ्ठी काढावी की जोड्या लावाव्यात?

सातवीचा इंग्रजीचा तास. प्रश्न विचारला की पुढच्या बाकांवरचे तेच चार हात वर जातात, बाकीच्या माना पुस्तकात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे या पोरांच्या कानावर सहा वर्षं इंग्रजी पडलेलं आहे. 'मे आय गो टू टॉयलेट' तर सगळेच न अडखळता म्हणतात! अडतं ते स्वतःचं वाक्य जुळवताना.

गप्प पोरांना बोलतं करायला शिक्षक बहुधा दोनपैकी एक वाट धरतात.

पहिली चिठ्ठ्यांची. डबीतून नाव निघेल त्यानं उत्तर द्यायचं. तयारी शून्य, वशिला नाही, आणि कुणाचंही नाव निघू शकतं म्हणून सगळा वर्ग जागा. स्पेलिंग, शब्दार्थ, कालच्या धड्याची उजळणी यांना हे उत्तम. पण लाजरं पोर उभं राहतं, 'ही वेंट'ऐवजी 'ही गोड' (he goed) म्हणतं, मागून कुणीतरी खिदळतं, आणि मग पंधरा दिवस ते मान वर करत नाही. शिवाय हिशेब पाहा. चाळीस पोरं, पस्तीस मिनिटांचा तास. एकेकाला मिनिटही येत नाही.

दुसरी वाट जोड्यांची. आधी मनाशी विचार, मग शेजाऱ्याला सांगणं, मग वर्गासमोर. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही रीत 'थिंक-पेअर-शेअर' या नावानं शिक्षकांना ठाऊक असते. वर्गात मात्र क्वचित दिसते, कारण गोंगाट होतो आणि मुख्याध्यापक दारातून डोकावतात. जोडीत झालेल्या चुका आपल्या कानावर येत नाहीत, हा खरा तोटा. गप्पा मराठीत क्रिकेटवर घसरतात, तेही आहेच. त्यावर फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ठेवावं, 'आय लाइक… बिकॉज…', आणि वेळ चारच मिनिटं द्यावी. तेवढ्यात प्रत्येकाला दोन मिनिटं बोलायला मिळतात, आणि ऐकणारं एकच माणूस असतं.

माझं मत जोड्यांकडे झुकतं, पण डबी फेकू नका. जोडीत बोलून झालं की चिठ्ठी काढा आणि विचारा, 'तुझ्या जोडीदारानं काय सांगितलं?' दुसऱ्याचं उत्तर सांगताना चुकीची लाज निम्मी होते.

मात्र चिठ्ठी निघाली की थांबा. मेरी बड रो यांनी अमेरिकेतल्या विज्ञानाच्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. परक्या भाषेत तर मी पाच मोजते.

आणि जे पोर मराठीच्या तासालाही बोलत नाही, त्याच्याशी यातलं काहीच लगेच करू नका. आठवडाभर डबी त्याच्या हातात द्या. 'नेक्स्ट इज…' म्हणून नाव पुकारायचं, एवढंच त्याचं काम.