वस्तीतली पोरं की शिकलेले बालनट?
गरिबीत वाढणाऱ्या पोरांच्या गुन्हेगारीपटात पहिला पेच कास्टिंगचा. वस्तीतली, कधी कॅमेऱ्यासमोर न आलेली मुलं घेतली तर चाल, शिव्या, सावध नजर आयती मिळते. त्यांच्या हाती छापील संवाद मात्र देऊ नका. प्रसंग सांगा, आपल्या शब्दांत बोलू द्या, त्यातूनच संवाद बांधा. त्यासाठी २-३ महिन्यांची कार्यशाळा धरूनच चाला. खरी डोकेदुखी कंटिन्युइटीची, म्हणजे एकाच प्रसंगाचे वेगवेगळे टेक एकमेकांशी जुळण्याची: पहिल्या टेकला उजव्या हातातला चाकू तिसऱ्या टेकला डाव्या हातात जातो आणि संकलक कपाळाला हात लावतो. म्हणून दोन कॅमेरे एकदम चालवा, टेक कमी घ्या. शूटिंग लांबवूही नका. १४ वर्षांच्या मुलाचा आवाज मध्येच फुटतो.

अभिनय शिकलेली मुलं जमिनीवर आखलेल्या खुणेवर बरोबर थांबतात, दहावा टेकही पहिल्यासारखा देतात. मारामारीच्या प्रसंगांना तीच बरी. पण भूक ती ‘दाखवतात’, ताटाकडे बघून आवंढा गिळतात. उपाशी पोरगं आधी शेजारच्याचं ताट किती भरलंय ते बघतं.

मुख्य पोरांची चौकडी वस्तीतली आणि टोळीचा म्होरक्या मुरलेला नट, हे मिश्रण जमतं. दृश्याची लय तो धरून ठेवतो, पोरं मोकळी सुटतात.