५६६ लिटरची टाकी, दोन हीटर आणि आठ महिने

आमची माशांची टाकी पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच. नुसता गुणाकार केला तर ५६६ लिटर येतात. पण वाळू, लाकडाचा ओंडका, दगड आणि काठाखाली सोडलेली चार बोटं वजा जाता खरं पाणी ४८० लिटरच्या आसपास. भरताना बादल्या मोजल्या होत्या, म्हणून हा आकडा ठामपणे सांगते. आत सहा एंजल, टेट्रांचा थवा, तळाशी फिरणाऱ्या छोट्या कोरिडोरास आणि काचेला चिकटून बसणारा एक मोठा प्लेको आहे.

सध्या टाकीत २५० वॉटचे दोन काचेचे हीटर आहेत आणि दोन्ही बाहेरच्या एका टेंपरेचर कंट्रोलरवर चालतात. त्याची प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायर, पाण्यात असते आणि त्यानुसार तो हीटर चालू-बंद करतो. या मांडणीला आठ महिने झाले, त्यात एक अख्खी थंडी येऊन गेली. आधी ५०० वॉटचा एकच हीटर होता. तो का काढला, हे आधी सांगायला हवं.

एका सकाळी धाकटीने हाक मारली, "आई, सगळे मासे वर का आलेत?" जाऊन बघते तर एंजल पृष्ठभागाला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. थर्मामीटर ३२ दाखवत होता, रात्री झोपताना साडेसत्तावीस होते. हीटरचा नॉब २७ वर आणि लाल दिवा मात्र जळतच होता. आतल्या थर्मोस्टॅटचे पॉइंट एकमेकांना चिकटले होते. काचेच्या साध्या हीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की वाकते आणि वीज तोडते, गार झाली की पुन्हा जोडते. दर वेळी पॉइंटवर बारीकशी ठिणगी पडते, आणि हजारो वेळा हे झाल्यावर कधीतरी ते तसेच डकतात. मग नॉब कितीही फिरवा, हीटर बंद होत नाही.

गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात. त्यात उष्णतेने माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढलेली असते, म्हणजे दुहेरी ओढाताण. मी प्लग काढला, हवेचे बुडबुडे सोडणारे दोन एअर स्टोन सोडले, झाकणं उघडली, दिवे बंद केले आणि पृष्ठभागावर पंख्याचा वारा लावला. बर्फ टाकायचा मोह झाला होता, पण एकदम गार होणं हा त्यांच्यासाठी दुसरा धक्का. पाणी २९ वर यायला संध्याकाळ झाली. एंजल वाचले. दोन कोरिडोरास दुपारीच गेल्या. सहा वर्षं सांभाळलेल्या होत्या, अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्या रात्री कागद-पेन घेऊन बसले आणि पहिल्यांदा लक्षात आलं की आपण आजवर प्रश्नच चुकीचा विचारत होतो. "इतक्या लिटरला किती वॉट?" एवढंच सगळे विचारतात. लिटरमागे एक वॉट हा ठोकताळा लहान टाकीला ठीक आहे, मोठ्या टाकीला लिटरमागे तेवढी वीज लागत नाही. उष्णता जाते ती काचेतून आणि पृष्ठभागावरून, आणि टाकी मोठी होते तसं पाण्याच्या मानाने हे क्षेत्रफळ कमी होतं. म्हणून हीटर घेताना दोन गोष्टी विचारायच्या. खोली पाण्यापेक्षा जास्तीत जास्त किती अंश गार होते? आणि हीटर बिघडला तर सकाळपर्यंत टाकीचं काय होईल?

पहिल्याचं उत्तर मी मोजून काढलं. हीटरच्या प्लगला वीज मोजणारं छोटं मीटर लावलं, चोवीस तास ठेवलं आणि खोलीचं तापमान अधूनमधून लिहून ठेवलं. पाणी खोलीपेक्षा सरासरी ८ अंश गरम होतं आणि ३.४ युनिट जळली. म्हणजे सरासरी १४२ वॉट, दर अंशाला साधारण १८. आमची खोली ऐन थंडीत पाण्यापेक्षा ११-१२ अंशांनी गार होते, म्हणजे सव्वादोनशे वॉटच्या आतच भागतं. प्रत्येकाच्या टाकीचा हा आकडा वेगळा येईल, पण मोजायला एकच दिवस लागतो आणि नंतर अंदाजपंचे काही उरत नाही.

हेच मीटर लावून एक दिवस झाकणं काढून ठेवली, तर ४.७ युनिट गेली. टाकीतलं पाणीही रोजच्यापेक्षा दोनेक मिलिमीटर जास्त उतरलं. एक लिटर पाण्याची वाफ होताना जवळपास पाऊण युनिटाइतकी उष्णता घेऊन जाते. मोठा हीटर घ्यायच्या आधी झाकण नीट बसतंय का ते बघा, असं मी कळकळीने सांगेन.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे दोन हीटर. २५० वॉटचा एक रात्रभर चालू राहिला, तर माझ्या टाकीत तापमान एक-दीड अंशानेच वाढतं, कारण त्यातली निम्मी उष्णता तशीही बाहेर जात असते. तेच ५०० वॉटच्या एकट्याने साडेचार अंश चढवले. आणि दोघांतला एक बंद पडला, तरी उरलेला एकटा आमची थंडी निभावून नेतो. एवढ्यासाठीच मी दोनांवर गेले.

पण दोन हीटर आपापल्या थर्मोस्टॅटवर सोडले तर नॉबवरचे आकडे जुळत नाहीत. दोन्ही बादलीत ठेवून एकेक दिवस तपासले, तेव्हा २७ वर लावलेला एक साडेपंचवीसला बंद होत होता आणि दुसरा अठ्ठावीसला. अशाने एकच राबतो आणि दुसरा नुसता बसून राहतो. म्हणून कंट्रोलर. तो २७.५ वर आहे, चालू आणि बंद होण्यातला फरक अर्ध्या अंशाचा. हा फरक फार कमी ठेवला तर कंट्रोलरमधला वीज जोडणारा-तोडणारा रिले सतत टकटक करत राहतो आणि लवकर झिजतो. हीटरचे स्वतःचे नॉब असे लावलेत की ते २९ च्या आसपास बंद होतील. रोजचं काम कंट्रोलर करतो, आणि तो चुकला तर हीटरमधला थर्मोस्टॅट मागे उभा असतो.

चौथ्या महिन्यात याचा अनुभव आला. रात्री कंट्रोलरचा अलार्म वाजला. पडद्यावर २२.४. टाकीला हात लावला तर पाणी चांगलं कोमट. काचेमागे बघितलं तेव्हा समजलं, प्रोबचा रबरी चोषक सुटून वायर वर आली होती आणि टोक पाण्याबाहेर लोंबकळत होतं, त्याला एक थेंब चिकटलेला. कंट्रोलर बिचारा खोलीची हवा मोजत होता आणि दोन्ही हीटर चालू ठेवत होता. पाणी मात्र २९ ला थांबलं होतं, कारण हीटर आतूनच बंद झाले होते. तेव्हापासून प्रोबची वायर काठाला क्लिपने पक्की केली आहे आणि टोक हीटरपासून लांब, टाकीच्या दुसऱ्या बाजूला खोलवर असतं. शिवाय काचेचा एक साधा थर्मामीटर वेगळा ठेवते. रोज खायला घालताना त्याकडे नजर जातेच.

जागेचं म्हणाल तर दोन्ही हीटर मागच्या काचेला आडवे, तळापासून वीतभर वर, टाकीबाहेरच्या कॅनिस्टर फिल्टरमधून परत येणाऱ्या पाण्याच्या झोतात. आडवे ठेवल्यामुळे पाणी बदलताना ते उघडे पडत नाहीत. तरीही पाणी काढण्याआधी प्लग काढून वीस मिनिटं थांबते, कारण तापलेली काच हवेत आली आणि मग तिच्यावर गार पाणी पडलं की तडकते. आणि प्लग पुन्हा लावायला विसरू नये म्हणून मी तो बादलीच्या कडीलाच अडकवून ठेवते. बादली जागेवर ठेवताना तो हातात येतो.

पाणी बदलण्याबद्दल आणखी एक. १२० लिटर पाणी २० अंशांचं ओतलं, तर टाकी जवळजवळ दोन अंशांनी उतरते आणि दोन्ही हीटर मिळून ती परत वर आणायला अडीच-तीन तास घेतात. मी आता नवं पाणी आधीच कोमट करून घेते. एंजलना पांढऱ्या ठिपक्यांचा त्रास आमच्याकडे नेमका अशाच एका गार पाण्यानंतर झाला होता.

हीटरभोवती प्लास्टिकची जाळी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. प्लेकोला उबदार काचेला चिकटून बसायची सवय असते. आमच्याच्या पोटावर जुन्या हीटरचा पांढरट चट्टा आहे.

तक्रारीही आहेत. सहाव्या महिन्यात चोषक कडक होऊन एक हीटर वाळूवर टेकला, सगळे चोषक बदलावे लागले. काचेवर पांढरा क्षार बसतो, दीड-दोन महिन्यांनी व्हिनेगरने पुसून स्वच्छ धुवावा लागतो. हीटरचा दिवा इतका मिणमिणता की दिवसा दिसतच नाही.

टायटॅनियमचा हीटर घ्यायचा विचार केला होता. तो फुटत नाही, ऑस्करसारखे दांडगे मासे असतील तर तोच बरा. पण अनेकांत स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, सगळी मदार कंट्रोलरवर. प्रोब लोंबकळलेली ती रात्र आठवली की मन धजत नाही. शिवाय धातू असल्यामुळे अर्थिंग चोख हवं. तसं ते आणि गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर कुठल्याही टाकीला हवाच, आणि प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाताना खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकून जाईल. फिल्टरच्या पाइपात बसणारा हीटर दिसायला सुबक, पण फिल्टर तुंबून प्रवाह मंदावला की उष्णताही अडकते, म्हणून तो मी घेतला नाही.

पुढच्या थंडीआधी दोघांपैकी एक बदलणार आहे, चालू असला तरी. दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच कंट्रोलरवर तितक्याच वेळा चालू-बंद झालेले, त्यामुळे थकले तर बरोबरच थकतील. नवीन आला की आधी एक दिवस बादलीत, थर्मामीटरसोबत, आणि मग टाकीत. काढलेला धुऊन, कोरडा करून ठेवून देईन, आजारी माशाच्या छोट्या टाकीसाठी.