डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही: दुरुस्ती, आतला नवा ड्राइव्ह की यूएसबीचा?

डेस्कटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसेनासा झाला की बहुतेक जण लगेच नव्या ड्राइव्हच्या किमती पाहू लागतात. परंतु त्याआधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंग्जच्या पडद्यावर) जाऊन ड्राइव्हचे नाव तिथे येते का, हे पाहावे. तिथे नाव दिसत असेल, तर निदान सध्या तरी खरेदीचा विचार बाजूला ठेवावा. अशा वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजर या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ड्राइव्हपुढे पिवळे चिन्ह आणि तपशिलात १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ यांपैकी एखादा कोड आढळला, तर दोष बऱ्याचदा डिस्क लिहिण्याच्या एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरने रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जच्या नोंदवहीत) सोडलेल्या ‘अपरफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या नोंदींमध्ये असतो. रजिस्ट्रीची प्रत राखून त्या काढाव्यात आणि संगणक पुन्हा सुरू करावा. मात्र कीबोर्ड आणि माउसच्या विभागांतही ‘अपरफिल्टर्स’ याच नावाची नोंद असते व ती चुकून काढली गेली तर कीबोर्डच बंद पडतो, म्हणून आपण सीडी-डीव्हीडीच्याच विभागात आहोत याची दोनदा खात्री करावी.

बायोसमध्येही नाव नसेल, तर ड्राइव्हचे बटण दाबून ट्रे बाहेर येतो का ते पाहावे. ट्रे आला म्हणजे वीज पोहोचते आहे आणि संशय साटाच्या (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणाऱ्या जोडणीच्या) सात पिनांच्या डेटा केबलवर किंवा मदरबोर्डवरील पोर्टवर जातो. संगणक बंद करून केबल आणि पोर्ट आलटून पालटून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. नुकताच एम.२ एसएसडी (मदरबोर्डवरच थेट बसणारा पट्टीसारखा स्टोरेज ड्राइव्ह) बसवला असेल, तर काही मदरबोर्डांवर त्यामुळे एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. ड्राइव्ह बिचारा ठणठणीत असतो. दुसरा पॉवर कनेक्टर लावूनही ट्रे हलत नसेल आणि दिवाही लागत नसेल, तर मात्र ड्राइव्ह गेला असे समजावे.

आता नवा कोणता, हा प्रश्न उरतो. आत बसणारा ५.२५ इंची साटा ड्राइव्ह साधारण २४ एक्स वेगाने डीव्हीडी लिहितो, तर यूएसबीचा पातळ ड्राइव्ह सहसा ८ एक्सवर थांबतो. त्यामुळे ज्यांना डिस्कचे गठ्ठेच्या गठ्ठे लिहायचे आहेत, त्यांनी कॅबिनेटमध्ये जागा असल्यास आतलाच घ्यावा. परंतु बिघाड मदरबोर्डच्या साटा पोर्टमध्ये असेल, तर आतला नवा ड्राइव्हही तसाच अदृश्य राहील. यूएसबीच्या ड्राइव्हला ही अडचण येत नाही, शिवाय तो लॅपटॉपलाही चालतो. लग्नाच्या चार डीव्हीडी एकदाच हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायच्या असतील, तर माझे मत निःसंशय त्याच्याच बाजूने आहे. फक्त तो कॅबिनेटच्या मागील पोर्टला, शक्यतो यूएसबी ३.० ला जोडावा, कारण यूएसबी २.० चा पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर, तर ३.० चा ९०० मिलिअँपिअर वीज देतो आणि डिस्क फिरू लागतानाच ड्राइव्हला सर्वाधिक वीज लागते.