सागवानी दरवाजा: तेल, व्हार्निश की राखाडीच बरा?

आमच्या शुक्रवार पेठेतल्या घराचं दार पश्चिमेला आहे. पावसाळ्यात झड थेट फळ्यांवर येते आणि एप्रिलात दुपारचं ऊनही तिथंच. दार पार राखेच्या रंगाचं झालंय. आईचं म्हणणं जवसाचं तेल लावा, भावाला चकचकीत व्हार्निश हवंय, आणि मी म्हणत होतो, राहू दे की तसंच.

राखाडी म्हणजे कुजलेलं नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाच्या वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा पदार्थ, सुटतं, पाऊस ते धुऊन नेतो, एवढंच. कोपऱ्यात १२० नंबरचा पॉलिश पेपर चार वेळा फिरवून बघा. खालून मधासारखा रंग निघतो आणि चपलांच्या दुकानात येतो तसा कातड्याचा वास. उंबरठ्यालगत पेचकस सहज रुतत असेल, तर मात्र पॉलिशवाल्याच्या आधी सुताराला बोलवा.

माझा 'राहू दे' हा काही निव्वळ आळस नव्हता. बोटींच्या डेकवरचं सागवान जाणकार लोक मुद्दाम उघडं ठेवतात, कारण ते ओलं झालं तरी पाय सहसा घसरत नाही. धुवायला खारं पाणी आणि मऊ ब्रश, तोही लाकडाच्या रेषांच्या आडवा. रेषेत घासलं की मऊ भाग निघून खाचा पडतात. मुंबईच्या गोदीत १८१७ साली वाडियांनी बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर आहे. उघडं ठेवायचा खर्च जवळजवळ शून्य. पण दारावरून कुणी अनवाणी चालत नाही, आणि श्रावणात तळाशी हिरवं शेवाळ धरतं ते वेगळंच.

व्हार्निश दिसायला एक नंबर, यात वाद नाही. पण सागवानाचं स्वतःचं तेलच त्याला नीट चिकटू देत नाही. घासून झाल्यावर, पहिला हात मारायच्या अगदी आधी, ॲसिटोनने पुसून घ्यावं लागतं. बोटीच्या कठड्यांना लावतात तसं बाहेरचं, ऊन झेलणारं, थोडं लवचीक राहणारं व्हार्निश लागतं, आणि तेही पातळ पाच-सहा हात. घरातल्या कपाटाचं मेलामाइन पॉलिश इथं चालत नाही. आम्ही एकदा या दारावर तेच मारून घेतलं होतं. पुसणं नाही, काही नाही, दोन हातांत काम आटोपलं. दुसऱ्या पावसात कडीजवळ बारीक चीर पडली, पाणी आत शिरलं आणि कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे सुटले. व्हार्निशची खरी अडचण हीच: एका जागी फुटलं की वरवर डागडुजी करून भागत नाही, सोलून काढावं लागतं. दरवर्षी तपासून वेळेत एखादा हात मारणारा माणूस घरात असेल, तर या तिन्हींत व्हार्निशइतकं संरक्षण दुसरं कशात नाही. भाऊ या घरात राहत नाही, हे इथं नमूद करतो.

तेलाचं उलट आहे. टिकतं कमी, आमच्यासारख्या उघड्या दाराला वर्षातून दोनदा तरी लावावं लागेल. पण चुकलं तर माफ असतं: घासा, पुसा, परत लावा. पातळ हात द्यायचा आणि अर्ध्या तासाने वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं. नाहीतर चिकट थर बसतो, धूळ धरतो आणि दमट हवेत काळी बुरशी त्याच तेलावर पोसते. जवसाचं तेल कच्च्यापेक्षा डबल बॉइल्ड घ्या, ते लवकर वाळतं. 'टीक ऑइल' लिहिलेल्या डब्यात सागाचं तेल नसतं बरं का. बहुधा जवसाचं किंवा टंग नावाच्या झाडाच्या बियांचं तेल आणि थोडं व्हार्निश असतं. आणि तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती तापतात, आपोआप पेटूही शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

दारावर खोल छज्जा असेल आणि झड पोचत नसेल, तर बिनधास्त व्हार्निश करा. आमच्यासारखं उघडं असेल तर तेल.

आता राहिली वेळ. दसरा-दिवाळीच्या तोंडावर पॉलिश काढायची आपली रीत, पण तेव्हा दार चार महिने पाणी प्यालेलं असतं. ओल्या लाकडात तेल मुरत नाही, व्हार्निश धरत नाही. आम्ही फेब्रुवारी धरलाय. दिवाळीत पाहुणे राखाडी दार बघून काय बोलायचं ते बोलतील.