पोनी एक्सप्रेसची चित्रपुस्तकं: बाइंडिंग सुटलं ते सुटलं, पण माझा राग त्या पिशवीवर आहे

मागच्या आठवड्यात मधली पानं सुटून हातात आली म्हणून शेवटी लिहायला बसले. पोनी एक्सप्रेसवरचं (1860-61 मध्ये अमेरिकेत घोडेस्वारांनी आळीपाळीने चालवलेली टपालसेवा) हे पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत लेकीसाठी घेतलं होतं, हार्डकव्हर, 19 डॉलर अधिक टॅक्स. नंतर त्याच विषयावरची अजून दोन लायब्ररीतून आणली, ती रिन्यू करत करत अजून घरातच आहेत, त्यामुळे तिन्हींबद्दल एकदमच लिहिते. घरात त्यांना नावं पडलीत, विकत घेतलेलं ते पिवळं, लायब्ररीतलं मोठं ते निळं आणि तिसरं छोटं.

आधी बाइंडिंग. पिवळ्याची पानं शिवलेली नाहीत, नुसती गमावर आहेत. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, परत करायची मुदत संपलीय, आणि वर तोंड पुसायला 10 टक्क्यांचं कूपन. अहो सहा वर्षांच्या मुलीचं पुस्तक आहे, ते रोज उघडणारच ना, का शोकेसमध्ये ठेवायचं? शेवटी नवऱ्याने भारतातून आणलेला फेव्हिकॉल लावून रात्रभर वर कुकर ठेवला. पानं बसली, पण आता पुस्तक मधे पूर्ण उघडत नाही आणि नेमकं तिथेच डोंगराचं सगळ्यात सुंदर चित्र आहे.

असो. माझं खरं दुखणं आहे ती पिशवी.

पिवळ्यात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वाराच्या खांद्याला एक झोळीसारखी पिशवी लटकवलीय, पोस्टमनची असते तशी. चूक आहे हो हे! टपाल खांद्यावर नसायचंच. मोचिला म्हणून चामड्याचं एक चौकोनी पांघरूण असायचं, ते खोगिरावर टाकायचे, त्याला चार कोपऱ्यांत चार कप्पे, तीन कुलूपबंद आणि एक वाटेतल्या टपालासाठी. स्वार त्याच्यावरच बसायचा, त्यामुळे ते हलायचं नाही. ठाण्यावर आला की ते उचलायचं, ताज्या घोड्याच्या खोगिरावर टाकायचं, स्वार चढला की सुटला, दोन मिनिटांचं काम. दर 10 ते 15 मैलांवर ठाणं, घोडा बदलायचा, 75 ते 100 मैलांनी माणूस बदलायचा, मोचिला मात्र तोच पुढे पुढे जायचा. म्हणून तर मिझुरीतल्या सेंट जोसेफपासून कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोपर्यंत 1,900 मैलांच्या वर अंतर साधारण 10 दिवसांत व्हायचं, जिथे घोडागाडीला तीन आठवड्यांच्या वर लागायचे. सगळी अक्कल त्या चामड्याच्या तुकड्यात आहे आणि चित्रकाराने तीच गाळली!

नवरा म्हणतो लहान मुलांचं पुस्तक आहे, सोड ना. पण मुलांनाच कळतं की. पिवळ्यात सगळीकडे तोच तपकिरी घोडा पळतोय, मिझुरीत तोच, नेवाडाच्या वाळवंटातही तोच. लेकीने तिसऱ्या चौथ्या वाचनालाच विचारलं, आई हा दमत नाही का गं? आता काय सांगू, पुस्तकात ठाणंच नाहीये एकही.

निळ्यात मात्र मोचिला व्यवस्थित काढलाय, कुलपांसकट. ते आल्यापासून आमच्याकडे सोफ्याचे दोन हात म्हणजे दोन घोडे. माझ्या जुन्या ओढणीला चार खिसे शिवून घेतले (हो, मीच शिवले, हौस), ती एका हातावरून काढून दुसऱ्यावर टाकायची आणि उडी मारून बसायचं, मी मोबाइलवर वेळ लावायची. एका खिशाला सूटकेसचं छोटं कुलूप लावलंय, त्याची किल्ली ठाणेदाराकडे म्हणजे तिच्या बाबाकडे. सासऱ्यांनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हे बघितलं आणि लगेच पेशव्यांचे जासूद आणि सांडणीस्वार सुरू झाले, अर्धा तास गेला त्यात, पण लेक ऐकत बसली होती हे खरं.

तर तेव्हा मी निळ्याला पाच स्टार देऊन मोकळी झाले असते. पण पुढची पानं वाचताना मन खट्टू झालं. त्यात पायूट लोक, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, फक्त डोंगराआडून येणारे बाण, बास. ना चेहरा ना कारण. 1860 च्या मे महिन्यात नेवाडातल्या विल्यम्स स्टेशनवर पायूट मुलींना पळवून कोंडून ठेवलं होतं, पायूटांनी येऊन त्यांना सोडवलं, तिथल्या माणसांना मारलं आणि ठाणं जाळलं, त्यातून युद्ध पेटलं आणि टपाल काही आठवडे बंद पडलं. सहा वर्षांच्या मुलीला सगळं सांगू नका, पण 'त्यांच्या मुली पळवल्या म्हणून ते चिडले होते' एवढं एक वाक्य तरी लिहायला काय जातं? मी पेन्सिलीने लिहिणार होते पण पुस्तक लायब्ररीचं. त्याच धामधुमीत पोनी बॉब हॅस्लम या स्वाराने पुढचा स्वार जायला तयार नाही म्हणून जाऊन येऊन जवळपास 380 मैल रपेट मारली, ते मात्र रंगवून रंगवून दिलंय, आणि ते आवडलंच.

छोट्याबद्दल फार लिहीत नाही. त्यात ती प्रसिद्ध जाहिरात पूर्ण पानभर आहे, 'बारीक, काटक, अठराच्या आतली मुलं हवीत, अनाथांना प्राधान्य'. त्या काळच्या एकाही वर्तमानपत्रात ती कुणाला सापडलेली नाही, नंतरच्या लोकांनी चिकटवलेली आहे. आणि आमच्याकडे झोपायच्या वेळी 'अनाथच का हवेत' यावर जे रडं झालं ते वेगळंच. पुढे 'वाइल्ड वेस्ट' खेळांमुळे गाजलेल्या बफेलो बिललाही स्वार करून टाकलंय, इतिहासवाल्यांना त्याची शंका आहे. परत केलं की ते परत आणणार नाही.

आता पिवळ्याची एक गोष्ट कबूल केलीच पाहिजे, म्हणून वरचा राग थोडा कमी धरा. कव्हर उघडल्यावर आतल्या पानांवर जो नकाशा आहे तो तिन्हींत सगळ्यात भारी. सेंट जोसेफ, फोर्ट कीर्नी, सॉल्ट लेक सिटी, मग सिएरा नेवाडा उतरून सॅक्रामेंटो, सगळी वाट बोटाने फिरवता येते आणि गम लावलेल्या पानांचा त्याच्याशी संबंध नाही, तो शाबूत आहे. लेक अजूनही रोज पिवळंच काढते, ते या नकाशासाठी. पण आम्ही राहतो त्या फॉल्समचं नाव त्याच्यावर नाही. जुलै 1860 पासून वर्षभर पश्चिमेकडचं शेवटचं ठाणं फॉल्समच होतं, कारण इथून पुढे सॅक्रामेंटोपर्यंत रेल्वे होती. लेकीने लाल स्केचपेनने स्वतःच ठिपका दिला, विकत घेतलेलं असल्याचा एवढा एक फायदा.

पैशांची बाजू एकाही पुस्तकात धड नाही, आणि मला तर तीच सगळ्यात मजेची वाटते. सुरुवातीला अर्ध्या औंसाला 5 डॉलर, म्हणजे 14 ग्रॅमचं पत्र! लोक उगाच नाही टिश्यूसारख्या पातळ कागदावर लिहायचे. नंतर दर 1 डॉलरवर आणला तरी रसेल, मेजर्स आणि वॅडेल हे तिघं मालक बुडालेच, आणि ऑक्टोबर 1861 मध्ये तारेची (टेलिग्राफची) लाइन जोडली गेल्यावर दीड वर्षात खेळ खलास. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरचं लिंकनचं पहिलं भाषण 7 दिवस 17 तासांत पोचवणाऱ्यांची ही गत. मुलांना तोटा कळत नाही असं प्रकाशकांना वाटतं बहुतेक, आमचीने तर लगेच विचारलं, मग घोड्यांचं काय केलं?

घ्यायचंच असेल तर आधी लायब्ररीतून आणा, पाच ते आठ वयाला ठीक आहे. दुकानात बघत असाल तर घोडा बदलायचं पान उघडा. ते पानच नसेल किंवा खांद्याला पिशवी दिसली तर खाली ठेवा. आणि पुस्तकाच्या पाठीत दोरा दिसतोय का तेही बघून घ्या.

निळं साडेतीन, पिवळं अडीच (त्यातले दोन नकाशाचे), छोटं एक.